टाचा रोवून

सकाळी उठून स्वयंपाकघरात आले तर चुलीपुढं आबा बसलेले. परातीत पीठ, हाताला कोपरापर्यंत पीठ, पांढऱ्या मिशीलाही पीठ. तव्यावर एक भाकरी होती, तिला भाकरी म्हणायचं तर. एका कडेनं ती कोळशासारखी झाली होती आणि मधे अजून ओलीच होती.

"आबा, हे काय?"

"दिसत न्हाय व्हय? भाकरी."

"अहो, मला उठवायचं ना. सरका, मी करते."

आबा सरकले नाहीत. उलथनं हातातच धरून म्हणाले, "तुझं तू बघ. माझं मी बघतो."

मी तिथंच उंबऱ्यात उभी राहिले. आबा माझे सासरे. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी मला कधी दुखावणारा शब्द उच्चारला नव्हता. आणि आज, धुरानं डोळे लाल झालेले असताना, माझ्याकडं न बघता ते दुसरी भाकरी थापत होते. ती थापतानाच दोनदा फाटली.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं, फौजी लोकांचं. आबा फौजेत होते. बंदूक त्यांच्या हातात कमीच आली. त्यांची नेमणूक खेचरांवर. हिमालयात जिथं गाडी जात नाही अशा ठाण्यांवर ते खेचरांच्या पाठीवरून सामान पोचवायचे. पेन्शनवर येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. माझे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपात होते. लग्नाला तीन वर्षं होतायत तोच काविळीनं ते गेले. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर माझे वडील फलटणहून मला न्यायला आले. मी म्हणाले, "मी नाही येत. आबांना कोण आहे?" मी बी.एड. झालेली, शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. नोकरी होती, घर होतं, आबा होते. मी राहिले. आमच्या दोघांचं छान चाललं होतं.

आबा मात्र हट्टी, हे सगळ्या गावाला ठाऊक. घरात गॅस नको, स्फोट होतो. टीव्ही नको, डोळे जातात. प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या तर त्यांनी त्या गोठ्यात ठेवल्या. म्हशीचं दूध डेअरीला घालायचं तेही जुन्याच पितळी कासंडीतून. एखादी गोष्ट नाही म्हणाले की नाही.

म्हणूनच नववीच्या वर्गात एक इंग्रजी वाक्प्रचार आला तेव्हा मला पहिल्यांदा आबा आठवले. धड्यात एक म्हातारा शेतकरी होता. मुलं त्याला नवं बियाणं पेर म्हणत होती आणि पुढं वाक्य होतं, 'ही डग इन हिज हील्स'. वर्गातली एक पोरगी उभी राहून म्हणाली, "बाई, म्हाताऱ्यानं टाचांनी जमीन खणली?" वर्ग खदखदून हसला. मी सांगितलं, खणली नाही, टाचा रोवल्या. म्हणजे कुणी कितीही ओढलं, समजावलं, तरी जागचं हलायचं नाही. बदल नको म्हणून अडून उभं राहायचं. आपण नाही का म्हणत, पाय रोवून उभा राहिला? "पण बाई," ती म्हणाली, "आपण पाय म्हणतो, मग त्यांनी टाचाच का म्हटलं?"

ते मला सांगता येईना. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत शब्दकोश उघडून बसले. अर्थ होता, उगम नव्हता. समोर साबळे सर डबा खात होते. ते गणित शिकवायचे. सदतीस-अडतीस वर्षांचे, बहिणींची लग्नं उरकता उरकता स्वतःचं राहून गेलेले. फार बोलायचे नाहीत.

"रस्सीखेच," ते म्हणाले. "दोर ओढताना माणूस मागं रेलतो आणि टाचा जमिनीत घालतो. तिथूनच आलं असणार."

"पण रस्सीखेचीत आपणही ओढतच असतो की," मी म्हणाले. "हा म्हातारा कुठं कुणाला ओढतोय? मला वाटतं हे जनावरावरून असणार. कासरा धरून ओढलं तरी पुढं न येणारं."

"घोडा?"

"किंवा खेचर."

पुढं मी या वाक्प्रचारासाठी बरीच पुस्तकं चाळली. कुणी रस्सीखेचीकडं बोट दाखवतं, कुणी अडून बसणाऱ्या घोड्या-खेचरांकडं. खात्रीनं कुणीच सांगत नाही. पण त्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आमच्या आबांनी आयुष्य खेचरांबरोबर काढलंय. त्यांनाच विचारते."

"मीही येऊ का ऐकायला?" साबळे सरांनी विचारलं. विचारून झाल्यावर ते डब्यातल्या भाजीकडं बघत राहिले.

रविवारी ते सायकलवरून आले. आबांनी त्यांना घोंगडीवर बसवलं, आणि प्रश्न ऐकल्यावर इतके खूश झाले की धोतर सावरून अंगणात उतरले.

"हे बघा मास्तर. खेचार अडलं की पुढचं पाय असं टाकतं. मागचं असं. सगळा भार मागं. मग चार गडी वढू द्या, न्हाय हलायचं." सत्तरीचे आबा अंगणात मागं रेलून, टाचा मातीत घालून उभे होते. साबळे सर पोटभर हसले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच बघत होते.

"म्हणजे खेचर हट्टी असतं हे खरंच," सर म्हणाले.

"हट्टी न्हवं. घोडं भितं आन् पळतं. खेचार भितं आन् थांबतं. एवढाच फरक."

मी चहा आणला. आबांनी कपबशी हातात घेतली, एकदा सरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि फुंकर मारून चहा प्यायले. सर गेल्यावर एवढंच म्हणाले, "मास्तर बरा हाय."

त्यानंतर सर तीन-चारदा आले. कधी खेचरांचं निमित्त, कधी शाळेचं. शिमगा होऊन गेल्यावर एक दिवस शाळा सुटताना ते फाटकाशी थांबले. त्यांची बदली झाली होती, तासगावजवळच्या शाळेत, जूनपासून.

"फडतरे बाई, तुम्हाला एक विचारायचं होतं. रागावणार असलात तर आत्ताच सांगा, मी विचारत नाही."

मला कळलं.

"रागावणार नाही," मी म्हणाले. "पण विचारू नका. माझं उत्तर नाही असंच आहे."

"कारण विचारलं तर चालेल?"

"आबा. त्यांना सोडून मी कुठं जाणार? आणि आमच्यात असं होत नाही, सर. आबांना साधी गॅसची शेगडी चालत नाही घरात."

सर मान हलवून सायकलवर बसले. मी बसनं घरी आले, म्हशीची धार काढली, आबांना जेवायला वाढलं. त्यांना यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात ती भाकरी.

सुरुवातीला मला वाटलं, लहर आली असेल. पण दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतःचं धोतर स्वतः धुतलं आणि पिळता न आल्यानं तसंच निथळत दोरीवर टाकलं. आडावरून पाणी आणलं. मी वाढलेलं ताट बाजूला सारून आपली करपलेली भाकरी दुधात कुस्करली. मी बोलायला गेले की गप्प. मग एक दिवस शाळेतून आले तर गोठा रिकामा. म्हैस विकली होती.

"आबा, विकली? मला विचारलंसुद्धा नाही?"

"कोण काढणार धारा?"

"मी आहे की!"

आबा रिकाम्या गव्हाणीत पडलेली वैरण गोळा करत राहिले.

सगळ्यात मोठा घाव पुढच्या आठवड्यात बसला. टेंपो दारात थांबला आणि दोन पोरांनी गॅसची शेगडी उतरवली. जन्मभर ज्यांनी गॅस घरात येऊ दिला नाही ते आबा त्या पोरांना सांगत होते, "हितं न्हाय, पलीकडच्या खोलीत. माझ्या खोलीत." आबांनी चूल वेगळी केली होती. आमच्याकडं भाऊ भांडले की चूल वेगळी करतात, सुनेचं आणि सासूचं विकोपाला गेलं की करतात. आमचं तर भांडणही झालं नव्हतं. मला वाटलं, साबळे सरांचं त्यांच्या कानावर गेलं. गावानं काहीबाही सांगितलं असणार आणि मी आबांच्या मनातून उतरले. त्या संध्याकाळी मी माझ्या चुलीवर भात टाकला आणि तो खाल्लाच नाही. भिंतीपलीकडं आबा शेगडी पेटवायचा प्रयत्न करत होते. काडीमागून काडी ओढल्याचा आवाज येत होता.

बातमी सुगंधा वन्संपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्या माझ्या मिस्टरांची धाकटी बहीण, दिलेली तिकडं पुसेगावला. माझ्याच वयाच्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या आल्या त्या थेट स्वयंपाकघरात.

"वहिनी, माझ्या बापाला या वयात भाकरी थापायला लावलीत? म्हस विकायला लावलीत? तुमचा पगार येतो, मग म्हातारा जड झाला का?"

"वन्सं, मी काही—"

"गाव थुकतंय आमच्यावर!"

एवढे दिवस दाबून ठेवलेलं रडू वर आलं. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला.

"सुगंधे, तिला काय इचारतीस? मला इचार."

ते खोलीच्या दारात उभे होते. हाताच्या बोटांना चटके बसून फोड आलेले, त्यावर हळद लावलेली.

"बस खाली. दोघीबी बसा."

आम्ही बसलो. आबा उंबऱ्यावर टेकले.

"वर बर्फात माझ्याकडं एक खेचार हुती. शेवंता म्हणायचो मी तिला. गुणाची. एकदा वरच्या ठाण्यावर रसद न्यायची हुती. वाटंत नाल्यावर लाकडाचा पूल. शेवंता पुलापाशी आली आन् अडली. टाचा रोवून उभी. मागं आख्खी रांग खोळंबली. सायेब आला, म्हणला, हाणा. एकानं हाणलं. दुसऱ्यानं फुडनं वढलं. शेवंता थरथर कापती, पर हलत न्हाय. मी बघितलं तिच्या डोळ्याकडं. तिला पलीकडं जायाचं न्हवतं असं न्हाय. पलीकडं चारा हुता, तबेला हुता. पर पाठीवर एवढं वझं, आन् खाली फळ्या हलत्यात. ती आपली बरुबर थांबलीवती."

"मग?" सुगंधा वन्संनीच विचारलं. राग असूनही विचारलं.

"मग मी वझं सोडलं. एकेक पोतं माझ्या पाठीवर घिऊन पलीकडं टाकून आलो. सायेब शिव्या देत हुता. शेवटचं पोतं टाकलं आन् पलीकडंच बसून ऱ्हायलो. तिला हाकबी मारली न्हाय. जरा येळानं आली की चालत. एकटी. आन् माझ्या खांद्याला नाकानं ढुशी दिली."

आबांनी माझ्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं.

"मास्तर येऊन गेला, शैला. तू शाळंत हुतीस. म्हणला, मी विचारलं, त्या न्हाय म्हणाल्या, तुमच्यापासनं चोरून ठेवायचं नव्हतं म्हणून सांगाय आलो. म्या इचारलं, का न्हाय म्हणली? तर म्हणला, तुमच्यापायी."

मला वर बघवेना.

"तवा मनात म्हणलं, पोरीच्या पाठीवरचं वझं मीच हाय. मग आधी ते उतरवावं. भाकरी, धुणं, पाणी, म्हस. एकेक करून. त्वांडानं सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस? न्हायच म्हणली असतीस. मला हट्टी म्हणती सगळी. आन् तू गं?"

सुगंधा वन्सं ताडकन उठल्या. "म्हणजे लग्न? आबा, दादाला जाऊन अजून... लोक काय म्हणतील? फडतऱ्यांच्या घरात असं कधी झालं न्हाय!"

"न्हाय झालं. आता हुईल."

"मी न्हाय यायची बघायला. माझ्या भावाची बायको ती."

"नगं येऊस," आबा शांतपणे म्हणाले. "पर आज आली हाईस तर जेवून जा. भात मी केलाय."

त्या जेवल्या नाहीत. पदर खोचून, डोळे पुसत एसटीच्या थांब्याकडं निघून गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. मी म्हणाले, "आबा, मला नको हे. माझं बरं चाललंय इथं."

"बरं चाललंय. आन् फुडं? मी काय जन्माला पुरणार हाय? खरं सांग. मास्तर आवडत न्हाय? तसं सांग, उद्याच्या उद्या म्हस परत आणतो आन् ही शेगडी आडात टाकतो."

मी पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिले. आवडत नाही असं म्हणायला तोंड उघडलं, पण खोटं बोलायचं धाडस झालं नाही.

"तुम्ही एकटे पडाल, आबा."

"पडंन की. जेवताना तुझ्या ताटाकडं बघंन, ताट नसंल. ते मी सोसंन. पर तू थांबलीस तर मला दर घासाला वाटणार, ह्या घासापायी पोर अडकून ऱ्हायली. ते न्हाय सोसायचं मला, शैला."

मी रडले. आबांनी मला रडू दिलं. मग उठून मला ताट वाढलं. भात चिकट झाला होता आणि आमटीत मीठ नव्हतं. मी सगळं संपवलं. ते समोर बसून माझ्याकडं बघत होते. मी ताटातच हात धुतला आणि म्हणाले, "आमटीत मीठ राहिलं, आबा."

"उद्या शिकव," ते म्हणाले.

मग शाळा सुरू होईपर्यंतचे सगळे दिवस मी आबांना स्वयंपाक शिकवला. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दिवस होते. भाकरीचं पीठ किती मळायचं, पाणी कसं लावायचं, फोडणीत आधी काय. ते फौजी माणूस, एकदा सांगितलं की जसंच्या तसं करायचे, फक्त मिरच्या कधीच मोजून टाकल्या नाहीत. चटका बसला की खेचरांना द्यायच्या तसल्या शिव्या शेगडीला द्यायचे. आमची चूल पुन्हा एक झाली होती आणि ती लवकरच कायमची वेगळी होणार हे दोघांनाही माहीत होतं. साबळे सर एकदा आले तर त्यांनी आबांच्या हातची उसळ खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि छान झालीय म्हणाले. "लबाड हाय," आबा मला आत येऊन म्हणाले, "पर मायाळू हाय."

माझ्या वडिलांना आबांनीच जाऊन सांगितलं. लग्न वडूजला नोंदणीचं झालं. सरांच्या दोन बहिणी, माझे आईवडील आणि आबा. सुगंधा वन्संना निरोप धाडला होता. त्या आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तासगावला निघालो. आबा स्टँडवर आले होते. त्यांनी परीटघडीचं धोतर नेसलं होतं आणि डोक्याला पटका बांधला होता. साबळे टपावर ट्रंक चढवत होते. मी आबांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "खिडकीची जागा धर. तुला गाडी लागती."

मी गाडीच्या पायरीवर चढणार तोच मागून कुणीतरी पळत आलं. सुगंधा वन्सं. पुसेगावहून पहाटेच्या गाडीनं आल्या असणार; केस विस्कटलेले, चपलेचा अंगठा तुटलेला, हातात कापडी पिशवी.

"थांबा!" त्या धापा टाकत म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून खण काढला, नारळ काढला, मूठभर तांदूळ काढले. तिथंच, स्टँडच्या गर्दीत, टायरच्या बाजूला उभं राहून त्यांनी माझी ओटी भरली. कुंकवाची डबी उघडली आणि त्यांचा हात थांबला. मिस्टर गेल्यापासून त्या घरातल्या कुणीच माझ्या कपाळाला कुंकू लावलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी ठसठशीत कुंकू लावलं, थोडं नाकावर सांडलं, ते स्वतःच्या पदरानं पुसलं.

"वन्सं..." मी म्हणाले.

"वन्सं कशाची आता मी?" त्या रडत म्हणाल्या. "आन् तुम्हाला तरी मी वहिनी कसं म्हणू? वहिनी नव्हं तर काय म्हणू, तेच कळंना मला. रात्रभर तेच डोस्क्यात."

आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या. कंडक्टरनं घंटी दिली.

"आईबापानं दोघींना नावं ठेवल्यात ना?" आबा मागून खेकसले. आवाज फाटला होता त्यांचा. "मग ती कशाला ठेवल्यात? चला, गाडी सुटंल."

मी चढले. खिडकीशी बसले. गाडी मागं घेऊन ड्रायव्हरनं वळवली तशी त्या दोघांची तोंडं माझ्या बाजूला आली. आबांनी हात वर केला होता, सलाम ठोकतात तसा, अर्धाच. आणि सुगंधा गाडीबरोबर चार पावलं पळत आली, तुटकी चप्पल हातात धरून.

"शैला!" ती ओरडली. "ए शैला, पोचल्यावर पत्र टाक गं!"

"टाकते, सुगंधा," मी ओरडले. "तू आबांना जपून घरी ने."